एएनएम करून पुढे जीएनएम: नाशिकमध्ये कॉलेज कसं निवडावं?

प्रश्न: बहिणीची बारावी आर्ट्समधून झाली आहे. आधी एएनएम (सहाय्यक नर्स आणि प्रसूतीसेविकेचा कोर्स) आणि मग जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून स्टाफ नर्स व्हायचं आहे. प्रवेश घेताना काय बघावं?

उत्तर १: एएनएम २ वर्षांचं, त्यातले शेवटचे ६ महिने इंटर्नशिप. मात्र पुढे जीएनएमला थेट दुसऱ्या वर्षात घेत नाहीत; पहिल्यापासून ३ वर्षं. म्हणजे एकूण ५. बारावीला इंग्रजी असेल आणि एकूण ४० टक्के असतील तर आर्ट्सवरूनही थेट जीएनएम होतं ताई, आधी तेच बघा.

उत्तर २: सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्सला भुलू नका. त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय पुढची दारं बंद. कॉलेजच्या मान्यतापत्रावर चालू वर्ष आणि जागांची संख्या स्वतः वाचा. भिंतीवरची फ्रेम जुनी असू शकते.

उत्तर ३: प्रॅक्टिकल कुठल्या रुग्णालयात, हे लेखी घ्या. लेबर रूमची (प्रसूती कक्षाची) ड्युटी नसेल तर केसबुक, म्हणजे केलेल्या केसेसची नोंदवही, भरणार कसं? जीएनएमनंतर २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (नर्सिंगची पदवी) आहे. ती पदवी आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचीच.