विषय: नेव्हीवाल्या काकांचा गुडघा, १ सप्टेंबरपासून ३०?

प्रेषक: माई

मंडळी, घाईत लिहितेय. काकांना व्हीएचं (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं) पत्र आलं. अपंगत्वाचं रेटिंग ३१ ऑगस्टपर्यंत १०० टक्के, १ सप्टेंबरपासून ३०. मागे इथेच ठरलं होतं ना, की गुडघा बदलला की वर्षभर १००? ऑपरेशन १२ मार्चला, घरी सोडलं १४ ला. अपील कुठल्या फॉर्मवर करायचं? शनिवारी हॉलवर कुणी भेटेल का? काकू फार धास्तावल्यात.

प्रेषक: बापू

वर्षभराचं जुनं झालं, माई. ७ फेब्रुवारी २०२१ पासून कोड ५०५५ खाली (व्हीएच्या रेटिंग-यादीतला गुडघा बदलल्याचा कोड) चारच महिने १०० मिळतात. मागचा धागा त्याआधीच्या ऑपरेशनचा होता. आणि हिशेब बघा: १२ मार्च अधिक चार म्हणजे १२ जुलै. यांनी ऑगस्टअखेरपर्यंत दिलेत, म्हणजे दीड महिना वरच. उकरून काढू नका, वसुली मागे लागेल.

प्रेषक: नाना

बापू, कायदा बरोबर, बोटं मोजायला चुकलात. चार महिने ऑपरेशनपासून धरत नाहीत. आधी व्हीएच्या नियमांतल्या कलम ४.३० खाली बरं होण्याचा एक महिना, तोही डिस्चार्जनंतर येणाऱ्या महिन्याच्या १ तारखेपासून. सोडलं १४ मार्चला, म्हणून तो एप्रिल. मार्चचे उरलेले दिवस दाखल केल्यापासून १०० मध्येच येतात. मग ५०५५ चे चार: मे, जून, जुलै, ऑगस्ट. १ सप्टेंबर अगदी चोख आहे, वसुलीचा प्रश्नच नाही.

गंमत म्हणजे, ३१ मार्चऐवजी १ एप्रिलला सोडलं असतं तर सगळं महिनाभर पुढे सरकलं असतं. म्हणून डिस्चार्ज समरीवरची तारीख आधी बघावी.

माई, एक सांगा. पूर्ण सांधा बदललाय की अर्धा? ३० ची किमान हमी फक्त पूर्णाला आहे.

प्रेषक: दादा (कार्यकारिणी)

नम्र सूचना. असे प्रश्न आधी ज्येष्ठ समितीकडे पाठवायचे असं ठरलेलं आहे. शिवाय मंडळाच्या टेबलवर कुणाचाही फॉर्म भरून द्यायचा नाही. मान्यताप्राप्त प्रतिनिधीशिवाय कुणी क्लेम तयार करणं नियमात बसत नाही. व्हेटरन संघटनांचे प्रतिनिधी हे फुकट करतात. पहिल्या निर्णयाआधी कुणी फी मागितली तर तिथून उठा.

प्रेषक: बापू

दादा, ज्येष्ठ समितीला मागचा मेल होळीला गेला होता, उत्तर अजून यायचंय.

नाना, हिशेब मान्य. पण ३० च का? गुडघा डगमगतो म्हणून कोड ५२५७ चे आणखी २० टक्के मागता येतील की.

प्रेषक: नाना

एकाच त्रासाचे दोनदा पैसे मिळत नाहीत, कलम ४.१४. वर कलम ४.६८ ची कमाल मर्यादा आहेच: मांडीच्या मधल्या किंवा खालच्या तिसऱ्या भागात पाय कापला तर ६० टक्के, त्यामुळे शाबूत पायाच्या गुडघ्याची बेरीज त्याच्या वर नेत नाहीत. चार महिन्यांचे १०० तेवढे वेगळे. ऑपरेशनचा व्रण दुखत असेल तर कोड ७८०४ खाली १० टक्के मागून बघा, तो त्वचेचा विषय आहे.

प्रेषक: अक्का

फिजिओ म्हणून फक्त मापाचं लिहिते. गुडघा किती वाकतो यावर सगळे भांडतात, पण तिथे फार हाती लागत नाही. वाकण्याच्या कोड ५२६० मध्ये १५ अंशावर अडकला तरी ३० टक्केच. आणि ५०५५ तुलनेसाठी ५२५६ (सांधा जाम), ५२६१ (सरळ होणं), ५२६२ (नळीच्या हाडाचा बिघाड) कडे बोट दाखवतं, ५२६० कडे नाही. माप सरळ होण्याचं बघा. पाय पूर्ण सरळ व्हायला २० अंश कमी पडले तर ३० टक्के, ३० अंशांना ४० टक्के, ४५ ला ५०. गोनिओमीटरचा (कोन मोजायच्या पट्टीचा) काटा मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यापासून घोट्याच्या हाडापर्यंत धरावा लागतो. गुडघ्याखाली उशी ठेवून मापलं तर आकडा खोटा येतो.

आणि उभं राहून, झोपून, स्वतः हलवून, दुसऱ्याने हलवून, शिवाय दुसऱ्या गुडघ्याचं, अशी सगळी मापं अहवालात हवीत. ‘कोरिया विरुद्ध मॅकडॉनल्ड’ या खटल्याचा २०१६ चा निकाल तेच सांगतो. एकच आकडा असेल तर अहवाल अपुरा.

प्रेषक: नाना

अक्का, बरोबर. पण ५०५५ चे ६० टक्के मिळणं अंशांवर अवलंबून नाही. तिथे शब्द आहेत ‘तीव्र वेदनामय हालचाल किंवा अशक्तपणा’. तपासणीच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात, मध्यम आणि तीव्र. माई, कुठल्यावर खूण आहे?

प्रेषक: माई

फाईल उघडली. सांधा पूर्ण, मांडीकडचा आणि नळीकडचा दोन्ही भाग. तपासणी जूनमध्ये झाली. कुठल्याच चौकोनात खूण नाही. ‘दुखणं वाढतं का’ यापुढे लिहिलंय, नाही. काकू म्हणतात, डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं आणि हे म्हणाले, ‘ऑल गुड, डॉक्टर.’ जिना उतरताना मात्र कठडा दोन्ही हातांनी धरतात.

प्रेषक: अक्का

आपल्या पिढीचं हेच. ‘बरं आहे’ हे उत्तर नसतं, तो नमस्कार असतो.

प्रेषक: नाना

मग हायर लेव्हल रिव्ह्यू (वरिष्ठांकडून फेरतपासणी), म्हणजे फॉर्म २०-०९९६, नको. तिथे नवा कागद घेत नाहीत, तोच ‘ऑल गुड’ पुन्हा वाचला जाईल. फॉर्म २०-०९९५ भरा, सप्लिमेंटल क्लेम, म्हणजे नव्या कागदांसह फेरदावा. निर्णयाच्या तारखेपासून वर्ष आहे, तेवढ्यात भरलं तर रेटिंग लागू होण्याची मूळ तारीख हातातून जात नाही.

कागद: ऑगस्टनंतरच्या फिजिओच्या नोंदी, कारण तीन महिन्यांच्या गुडघ्यावरून कायमचं काही कळत नाही. ज्या डॉक्टरांकडे काका जातात त्यांनी भरलेला गुडघ्याचा डीबीक्यू (व्हीएचा तपासणी-फॉर्म). काकूंच्या सहीचं निवेदन, त्यात विशेषणं नकोत. किती पायऱ्या, किती मिनिटं उभं राहतात, रात्री किती वेळा उठतात, दुखणं वाढलं की किती दिवस आणि तेव्हा काय थांबतं. दुसऱ्या गुडघ्यावर भार येऊन तो बिघडला असेल तर त्याचा क्लेम वेगळा, फॉर्म २१-५२६ईझेडवर.

प्रेषक: बापू

आणि पुढे नुसती प्लास्टिकची चकती बदलली तर पुन्हा चार महिने मिळतील अशी आशा धरू नका. सगळे मूळ भाग बदलले तरच.

प्रेषक: माई

काकूंना वही दिली, आजपासून पायऱ्या मोजतायत. दादा, शनिवारी संघटनेचा तो प्रतिनिधी येणार असेल तर वेळ कळवा. आणि हॉलची किल्ली कुणाकडे आहे?