पहिली मोटरसायकल: हलकी घेऊन शिकावं की एकदाच मनासारखी घ्यावी?

सावकाश
नवा माणूस पहिली गाडी कोणती घेऊ म्हणून विचारायला लागला, की त्याला लगेच उलटा प्रश्न येतो, "किती सीसी?" माझं ठाम मत आहे की गाडी नवख्याला झेपेल की नाही हे सीसीवरून कळत नाही. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या. ३४९ सीसी, ताकद साधारण २० बीएचपी, वजन १९५ किलो. केटीएमच्या ३९० ड्यूकची मागची पिढी घ्या. ३७३ सीसी, ताकद ४३ बीएचपी, आणि वजन क्लासिकपेक्षा कमी. सीसीचा फरक किरकोळ, पण एक जड आणि शांत, तर दुसरी मनगट जरा जास्त फिरलं की पळत सुटणारी. पहिली गाडी म्हणून मी दोन्ही सुचवणार नाही, फक्त कारणं वेगळी आहेत.

वजन बघा, सीटची उंची बघा, आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी थोडी रेस दिल्यावर गाडी दचकते का ते बघा. दीडशे किलोच्या आसपास, १५ ते २५ बीएचपीची गाडी घ्यावी, ती वर्ष-दीड वर्ष भरपूर चालवावी आणि मग हवी ती मोठी आणावी. शिकताना गाडी पडतेच. बहुतेक वेळा ती वेगात नाही तर जागच्या जागी पडते, वळवताना किंवा स्टँड लावताना. हलकी पडली तर लिव्हर वाकतो. जड पडली तर पाय तिच्याखाली सापडू शकतो.

लांबपल्ला
पूर्ण असहमत. "आधी छोटी, मग मोठी" हा सल्ला वर्षानुवर्षं तसाच पुढे सरकवला जातोय. अमेरिकेत १९८१ साली हर्ट अहवाल आला होता. लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेली ती तपासणी. त्यातला एक निष्कर्ष इथे नेमका लागू पडतो. अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना त्या गाडीचा पाच महिन्यांपेक्षा कमी अनुभव होता, आणि रस्त्यावर गाडी चालवण्याचा एकूण अनुभव मात्र जवळपास तीन वर्षांचा. म्हणजे गाडी बदलली की माणूस पुन्हा नवखा होतो. मग तुम्ही त्याला दीड वर्षानं मुद्दाम दुसऱ्यांदा नवखा का करताय?

शिवाय ज्याचा रोजचा प्रवासच हायवेवरचा आहे त्यानं छोट्या गाडीवर काय करायचं? शंभरच्या वेगाला इंजिन पार पिळून निघालेलं असतं. समोरच्या ट्रकला ओलांडायला हाताशी काही उरत नाही, आणि ट्रकच्या वाऱ्यानं हलकी गाडी हलते ती वेगळीच. तिथे जरा वजनदार गाडी जास्त सुरक्षित वाटते, आणि खरंच असतेही.

सावकाश
लांबपल्ला, अहवालाचा आधार चांगला घेतलात, पण तो पुढेही वाचायला हवा. मोठ्या इंजिनाच्या गाड्या अपघातांत प्रमाणानं कमी दिसल्या हे त्यात आहे, पण अपघात झालाच तर त्यांवर इजा जास्त गंभीर होते हेही त्यातच आहे. नवख्याच्या बाबतीत मला दुसरी ओळ जास्त महत्त्वाची वाटते, कारण त्याची चूक होणार हे धरूनच चालायला हवं.

आणि चुका कोणत्या? त्याच अहवालात आहे: आणीबाणीच्या क्षणी चालकानं मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. गाडी थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण तो एकदम आवळायचा नसतो. आधी हलकेच दाबायचा. फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉक-अब्सॉर्बर, खाली बसतात, वजन पुढच्या टायरवर येतं, टायर रस्ता धरतो, आणि मग आणखी दाबायचा. हे सगळं क्षणार्धात होतं आणि ते बोटांना कळावं लागतं. हलक्या गाडीवर नवखा हे न घाबरता पन्नास वेळा करून बघतो. सव्वादोनशे किलोच्या गाडीवर तो दोनदा करतो आणि सोडून देतो.

क्लचवायर
मी शिकवण्याचं काम करते, म्हणून दोघांनाही सांगते की तुम्ही गाडीवर भांडताय आणि चालवणारा बाजूलाच राहिलाय. त्याच हर्ट अहवालात ९२ टक्के अपघातग्रस्त चालकांनी कुठलंच प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. रीतसर शिकलेला माणूस थोडी मोठी गाडी सांभाळून घेतो. न शिकलेला माणूस सव्वाशे सीसीवरही पुढचा ब्रेक वळणात आवळतो.

साधा यू-टर्न बघा. नवखा क्लच पूर्ण दाबतो, नजर पुढच्या चाकाशी नेतो, गाडी तोल सोडते आणि तो पाय टाकतो. क्लच अर्धा धरून, मागचा ब्रेक किंचित लावून, मान वळवून जिथे जायचंय तिथे बघितलं की तीच गाडी सहज फिरते. दीडशे किलो असो की दोनशे, पद्धत हीच.

सावकाश
पद्धत तीच हे मान्य. पण जमेपर्यंत जे दहा वेळा चुकतं, तेव्हा गाडी कुणाला तरी पेलायची असते.

पाचफूट
उंचीचा विषय एका वाक्यात उरकलात, म्हणून लिहिते. मी नावाप्रमाणेच आहे. "दोन्ही तळवे सपाट टेकले पाहिजेत" या सल्ल्यामुळे माझ्यासारखीला निवडीला फारच थोड्या गाड्या उरतात. सीटची उंची कागदावर ७९० मिमी असली तरी सीट रुंद असेल तर पाय पसरतात आणि टाचा वर राहतात. पुढून निमुळती असेल तर ८१० सुद्धा चालते. थांबताना जरा एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण टेकवायचा आणि दुसरा ब्रेकवर ठेवायचा, एवढं पुरतं.

एक मात्र करू नका. गाडी घेतल्याघेतल्या सस्पेन्शन खाली उतरवून घेऊ नका. गाडी खाली येते पण साइड स्टँड तेवढाच राहतो, मग ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्यानं दुसऱ्या बाजूला आडवी होते. आधी सीटचा फोम कमी करून बघा.

सावकाश
पाचफूट, एका पायाचं तंत्र बरोबर आहे, पण ते जमलेल्या माणसाचं. ज्या बाजूला पाय टाकला तिथेच रस्ता खोलगट निघाला तर? गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की कितीही ताकदीचा माणूस ती धरू शकत नाही. पहिल्या गाडीला निदान दोन्ही चवडे भक्कम टेकावेत, यावरून मी हटणार नाही.

पाचफूट
चवडे म्हणालात तर भांडण मिटलं. सगळीकडे "तळवे" लिहितात.

रेनमोड
आता गाड्यांमध्ये ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस आहे, रेस दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे, ताकद कमी करणारे मोड आहेत. मोठी गाडी घ्या, ओल्या रस्त्यासाठीच्या रेन मोडवर शिका, विषय संपला.

क्लचवायर
एबीएसबद्दल दुमत नाही, पहिल्या गाडीला ते हवंच. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०१३च्या तुलनेत एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या गाड्यांचं प्राणघातक अपघातांचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी निघालं होतं. पण साधं एबीएस सरळ रेषेतल्या ब्रेकसाठी असतं. गाडी वळणात झुकलेली असताना काम करायला झुकाव मोजणारा सेन्सर लागतो, आणि तो सगळ्या गाड्यांत नसतो. मोडनं ताकद कमी होते, वजन नाही.

लांबपल्ला
मग मधला रस्ता बघा. युरोपात ए२ या मधल्या टप्प्याच्या परवान्यावर ३५ किलोवॉटची, म्हणजे साधारण ४७ बीएचपीची मर्यादा आहे. पण मुळात ७० किलोवॉटपर्यंतची गाडी ३५ वर बांधून, म्हणजे तिची ताकद तेवढ्यावर अडवून, चालवता येते. दोन वर्षांनी परीक्षा देऊन पुढचा परवाना मिळाला की तीच गाडी मोकळी करून घ्यायची. गाडी बदलत नाही, त्यामुळे माझा पाच महिन्यांचा मुद्दाही उरत नाही. आणि तिथे २४ वर्षांच्या माणसाला थेट पूर्ण परवान्याची परीक्षा देता येते. कायद्यालाही वय आणि समज कळते.

सावकाश
बांधलेल्या गाडीची कल्पना मला पटते, आतापर्यंतच्या चर्चेत तुमचा हा मुद्दा सगळ्यात चांगला. फक्त ती गाडी निवडताना इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, एकट्यानं ढकलून बघा. स्टँडवरून काढा, अरुंद जागेत मागेपुढे करून फिरवा, पुन्हा लावा. तेवढ्यात दम लागला किंवा एकदाही "आता सुटते" असं वाटलं, तर ती गाडी पुढच्या खेपेला. ताकद बांधता येते, किलो बांधता येत नाहीत.

लांबपल्ला
ढकलून बघणं मान्य. तुमचे १५ बीएचपी मात्र अजून मान्य नाहीत. हायवेवाल्यानं २५च्या खाली बघूच नये.