यादीत एक नाव दोनदा आलं, म्हणून अख्खी यादी बोगस?

धंतोलीकर
काल इथे सुभाषभाऊंनी टाकलं की पत्रकारांवरच्या हल्ल्यांच्या एका मानवाधिकार यादीत विदर्भातल्या एका बातमीदाराचं नाव दोनदा आहे, तालुकाही चुकलाय, म्हणजे सगळे आकडे बोगस. खाली लाइक्सचा पाऊस. राहवलं नाही.

नाव दोनदा कसं येतं ते समजून घ्या. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे. 6 फेब्रुवारी 2023 ला राजापुरात गाडीखाली चिरडले, 7 तारखेला कोल्हापुरात रुग्णालयात वारले. पोलिसांनी आधी सदोष मनुष्यवध लावला, खुनाचं कलम नंतर. अशा प्रकरणात एकजण 6 तारीख, राजापूर, हल्ला लिहितो; दुसरा 7 तारीख, कोल्हापूर, मृत्यू. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक पेपरचं वेगळं. झाल्या दोन नोंदी, माणूस एकच. दोन्ही लिहिणारे प्रामाणिक.

दुरुस्ती व्हायलाच हवी. पण गुपचूप नको. जुनी नोंद उडवायची नाही; तिच्याच खाली काय बदललं, कधी, कोणत्या कागदावरून, हे दिसलं पाहिजे. गुपचूप बदललं की सुभाषभाऊंसारख्यांना आयतं कोलीत मिळतं.

सदरचा_सुभाष
प्रवचन छान. पण चूक नेहमी आकडा वाढवणारीच कशी होते? सरकारने संसदेत सांगितलंच आहे की आरएसएफ (रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स) या संस्थेच्या माध्यम स्वातंत्र्य निर्देशांकाचं सॅम्पल फार लहान आणि पद्धत अपारदर्शक. त्या क्रमवारीत 2024 ला आपण 159, 2025 ला 151. आठ पायऱ्या वर कोणत्या पुण्याईने चढलो, तेही सांगून टाका.

पारडी_एक्सप्रेस
निर्देशांक वेगळा, घटनांची यादी वेगळी. क्रमवारीत जाणकारांची प्रश्नावलीही असते, आणि इतर देश घसरले तरी आपला नंबर वर जातो. दोन्हीची खिचडी करू नका.

आणि आकडा कमी दाखवणारं हवंय ना? सीपीजे, म्हणजे पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणारी समिती, तिची तुरुंगातल्या पत्रकारांची गणना 1 डिसेंबरला जे आत असतील त्यांचीच. फेब्रुवारीत उचलला, नोव्हेंबरात सोडला, तो त्यात नाहीच.

सदरचा_सुभाष
तो नियम झाला ताई, चूक नाही.

पारडी_एक्सप्रेस
हो, आणि नियम न वाचता बोंब मारणाऱ्याला तीच चूक वाटते. तुम्हालाही परवा वाटली होती.

गोधनी_फाटा
अरे पण पत्रकार म्हंजे कोन, हे पयले ठरवा ना बाप्पा! माझा साळा तालुक्याले बातमीदार होता. पेपरनं कधी नेमणूकपत्र देल्लं नाही, दिवाळीच्या जाहिराती मात्र बरोबर गोळा करून घेत. रेतीघाटाची बातमी लावली तं घाटवाल्यायनं रस्त्यात गाठून हात मोडला. ठाण्यात पयला सवाल, कार्ड दाखव. पेपरवाले म्हने, हा आमचा माणूस नाही. एनसी, म्हंजे अदखलपात्र नोंद, लिहून वापस पाठवलं. आता सांगा, कोनत्या यादीत आहे तो? एकदा बी नाही, तुमी दोनदाचं घेऊन बसले!

धंतोलीकर
हेच तर दुखणं आहे. पत्रकार संरक्षण कायदा विधिमंडळात 2017 ला झाला, राष्ट्रपतींची संमती यायला 2019 उजाडलं. व्याख्या काय, तर पत्रकारिता हा प्रमुख व्यवसाय आणि नोकरी, कायम किंवा कंत्राटी. तालुक्यात कॉलमवर पैसे घेणाऱ्याकडे कंत्राट तरी कुठलं? तपास उपअधीक्षकाने करायचा, पण तो गुन्हा दाखल झाल्यावर. एनसीवर कोण फिरकतं!

सदरचा_सुभाष
म्हणजे गाडीवर प्रेस लिहून रेतीवाल्यांकडून हप्ता घेणारेही मोजायचे?

गोधनी_फाटा
माझ्या साळ्याले हप्तेवाला म्हनून राह्यला काय बे? हिंमत असंल तं आपलं खरं नाव लिव.

सदरचा_सुभाष
तुमच्या साळ्याबद्दल बोललो नाही. पण असे आहेत की नाही? सीताबर्डीला उभं राहा, तासाभरात पाच दिसतील.

पारडी_एक्सप्रेस
म्हणूनच कारणाचा रकाना वेगळा ठेवतात. सीपीजे हत्यांमध्ये हेतू निश्चित आणि हेतू अनिश्चित असे दोन गट करते.

स्थितीचा रकाना तर त्याहून वाईट. पत्रकार प्रशांत राहींचं घ्या. 2013 ला अटक, मार्च 2017 ला गडचिरोलीत जन्मठेप. 14 ऑक्टोबर 2022 ला उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने सोडलं, दुसऱ्या दिवशी, शनिवार असूनही, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती. 5 मार्च 2024 ला पुन्हा निर्दोष. 14 च्या संध्याकाळी ज्याने निर्दोष लिहिलं, तो 15 ला खोटारडा ठरला का?

सदरचा_सुभाष
त्यांच्यावर माओवाद्यांशी संबंधाचा आरोप होता, बातमीसाठी अटक नव्हती.

पारडी_एक्सप्रेस
मग तसं लिहा: आरोप काय, निकाल काय. पत्रकाराला अटक आणि पत्रकारितेसाठी अटक, दोन रकाने. वाद वाचणाऱ्यांनी घालावा. एवढ्या वर्षांच्या तुरुंगानंतर माणूस निर्दोष सुटला, ही नोंद तरी कोणी खोडू नये.

सदरचा_सुभाष
बरं बाबा, दोन रकाने. मोठीच क्रांती. त्या दुबार नावासाठी संस्थेला कोणी मेल केला, की इथेच शहाणपण पाजळायचं?

धंतोलीकर
कालच केला. उत्तर आलं, एफआयआरची प्रत पाठवा.

गोधनी_फाटा
घ्या! म्हंजे साळ्याचं तं कधीच होत नाही.

सदरचा_सुभाष
एनसीची प्रत असेल ना? आणि हाडाच्या डॉक्टरचा कागद? त्यावर काम होतं का, विचारून पाहू. टाका इथे.

गोधनी_फाटा
इथं नाही टाकत. नाव, गाव, समदं दिसते त्याच्यात, अन् ते घाटवाले अजून तिथंच आहे. धंतोलीकर भाऊ, तुमाले वेगळं पाठवतो.