पहिला साप कुठून घ्यावा: ब्रीडर, दुकान, प्रदर्शन की जुना मालक?

नवा पाळक
पहिल्यांदाच साप पाळायचा विचार पक्का झाला आहे. कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन, दोघांपैकी एक. तापमान, पेटीचा आकार, खाणं याबद्दल बरंच वाचून झालंय. अडलंय ते घ्यायचा कुठून इथे. घरी पैदास करणारा ब्रीडर, पाळीव प्राण्यांचं दुकान, सरीसृपांचं प्रदर्शन, साप देऊन टाकू पाहणारा जुना मालक, नाहीतर फोटो बघून ऑनलाइन. फोटोत सगळेच साप देखणे दिसतात. विकणाऱ्याला नेमकं काय विचारावं, साप समोर आल्यावर काय तपासावं आणि काय दिसलं तर सरळ परत फिरावं?

खवलेवाला
कायद्याचं आधी, कारण ते जमलं नाही तर पुढचं सगळं फुकट. कोणता साप पाळता येतो हे देशागणिक बदलतं, काही ठिकाणी शहरागणिकही. सध्याचे नियम वन्यजीव खात्याकडूनच बघून घ्या, विकणाऱ्याच्या 'काही होत नाही हो'वर जाऊ नका. सगळे अजगर, म्हणजे पायथन, साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्टांत येतात, बॉल पायथन त्यातल्या दुसऱ्या परिशिष्टात. म्हणजे तो परदेशातून आला असेल तर त्यामागे निर्यातीचा परवाना असायलाच हवा. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, पण म्हणून स्थानिक नियम सुटत नाहीत. पावतीवर सापाचं शास्त्रीय नाव, अंड्यातून बाहेर आल्याची तारीख आणि विकणाऱ्याचा पत्ता लिहून घ्या.

आता मूळ मुद्दा. दुकान की ब्रीडर यापेक्षा 'या पिलाचा इतिहास कोणाला माहीत आहे' हे बघा. चांगल्या ब्रीडरकडे पिलू अंड्यातून आल्यापासून एकाच माणसाच्या हाताखाली असतं. दुकानात ते बहुतेकदा घाऊक विक्रेत्याकडून येतं आणि वाटेत कितीतरी सापांच्या सहवासात राहतं. पिलू कुठल्या ब्रीडरचं ते सांगणारं आणि त्याची नोंद दाखवणारं दुकान मिळालं तर बिनधास्त घ्या, पण तशी दुकानं कमी. प्रदर्शनात बरेच ब्रीडर एका छताखाली भेटतात ही सोय खरी, पण साप छोट्या डब्यात दिवसभर ठेवलेला असतो, त्यामुळे तो एरवी कसा ठेवला जातो ते कळत नाही. प्रदर्शनात ओळख करून घ्या, नंतर त्याची जागा बघायला जा, मग ठरवा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे खाण्याची नोंद. प्रत्येक पेटीवर एक कार्ड असावं. त्यावर तारीख, काय दिलं, किती ग्रॅमचं, जिवंत की गोठवून वितळवलेलं, खाल्लं की नाकारलं, कात कधी टाकली, वजन किती. 'मस्त खातो' याला नोंद म्हणत नाहीत. आणि एकही नकार नसलेल्या, एकाच पेनने एका बैठकीत भरलेल्या कार्डापेक्षा अधूनमधून 'नाही' लिहिलेलं कार्ड जास्त भरवशाचं.

पिलू अंड्यातून आल्यावर साधारण 7 ते 10 दिवसांत पहिली कात टाकतं आणि सहसा त्यानंतरच खायला लागतं. कॉर्न स्नेकच्या पिलाला 5 ते 7 दिवसांनी उंदराचं एक गुलाबी पिल्लू, म्हणजे पिंकी, लागते. सलग 5 वेळा स्वतःहून खाल्लेलं असेल तरच घ्या. हिशेब केलात तर असं पिलू साधारण महिन्याच्या आत विकायला तयारच होत नाही. दोन आठवड्यांचं पिलू कोणी पुढे करत असेल तर ते खाईल की नाही हे त्यालाही माहीत नसतं. 'स्वतःहून' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. तोंड उघडून भरवलेलं पिलू नवशिक्यासाठी नाही. बॉल पायथन खाण्याच्या बाबतीत लहरी, त्याला 8-10 वेळांची नोंद मागितली तरी जास्त होत नाही.

निळे डोळे
वरच्याशी सहमत. साप समोर आल्यावर काय बघायचं ते लिहितो.

हातात घेण्याआधी पेटी बघा. पाणी स्वच्छ आहे का, लपायला जागा आहे का, एका पेटीत एकच साप आहे का. गरम बाजूचं तापमान किती, हे विचारा. बॉल पायथनला 31-32 अंश सेल्सियस, कॉर्नला 29-30 आणि त्याची थंड बाजू 22-24 च्या आसपास. आकडा तोंडावर नसेल किंवा हीटरला थर्मोस्टॅटच नसेल तर पोटाच्या खवल्यांवर भाजल्याच्या खुणा शोधा, तपकिरी किंवा लालसर डाग.

साप पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसलेला दिसला तर आधी माइटचा संशय घ्या. हे किडे मोहरीपेक्षाही बारीक, काळपट, आणि डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या घडीत, बॉल पायथनच्या ओठांवरच्या उष्णता ओळखणाऱ्या खाचांत दडून बसतात. पांढरा ओला टिश्यू मानेपासून शेपटीपर्यंत हलक्या हाताने ओढा आणि उजेडात धरा. काळे ठिपके सरकताना दिसले, की त्या जागेतला एकही साप घेऊ नका, शेजारच्या पेटीतला तर नाहीच. माइटची मादी अंगावर नाही, पेटीच्या फटींत आणि आसपास अंडी घालते, त्यामुळे एकाला झाले की खोलीभर पसरतात.

श्वास ऐका. तोंड बंद असताना शिट्टीसारखा किंवा खुळखुळणारा आवाज, नाकपुडीशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर ताणून बसणं, ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणं. कात टाकायच्या थोडं आधी काही साप हलकी शिट्टी मारतात, म्हणून डोळे दुधाळ निळसर झालेले असतील तर आठवड्याने परत या. तेव्हा साप चिडचिडाही असतो, स्वभाव कळत नाही. विकणाऱ्याला तोंड हळूच उघडून दाखवायला सांगा. आतून फिकट गुलाबी हवं. लाल ठिपके किंवा पनीरसारखा चिकट पांढरा थर म्हणजे हिरड्यांचा संसर्ग.

मग पाठीवरून बोट फिरवा. कणा सलग लागला पाहिजे, मध्येच गाठ किंवा वाकडा कोन लागला तर नको. कणा धारदार वर आलेला असेल तर साप उपाशी आहे. शेपटीच्या सुरुवातीला विष्ठाद्वाराभोवती वाळलेली घाण नको, जुन्या कातीचं टोपण डोळ्यावर किंवा शेपटीच्या टोकाला अडकलेलं नको. निरोगी साप हाताला सौम्य पण ठाम विळखा घालतो, जीभ सारखी आतबाहेर करतो. हलकेच उताणा केला तर लगेच पालथा होतो. होत नसेल तर नाद सोडा.

लहान कॉर्न भीतीने शेपटी थरथरवतो, चावायलाही येतो. त्यावरून स्वभाव ठरवू नका, पिलांचं ते नेहमीचंच.

नवा पाळक
दोघांचे आभार. एका ठिकाणी बॉल पायथन बघितला. 'फार्मवर जन्मलेला' आहे असं सांगितलं, 'स्पायडर' जातीचा, आणि सध्या फक्त जिवंत उंदीर खातो. घेण्यासारखा आहे का?

उबपेटी
नका घेऊ. तिन्ही कारणं वेगवेगळी आहेत.

'फार्मवर जन्मलेला' म्हणजे बहुतेकदा असं होतं: पश्चिम आफ्रिकेत, मुख्यतः टोगो, बेनिन, घाना इथे, रानातल्या अंडी भरलेल्या माद्या पकडतात, अंडी घालून घेतात, पिलं निर्यात होतात. तो पिढ्यान्‌पिढ्या माणसाकडे वाढलेला साप नव्हे. अशा पिलांत माइट, गोचीड, पोटातले जंत आणि खाण्याला नकार, सगळंच जास्त. सरळ विचारा, 'या पिलाचे आईबाप तुमच्याकडे आहेत का? बघता येतील का?' ब्रीडर असेल तर दाखवेल, निदान फोटो आणि अंडी घातल्याची तारीख तरी देईल.

स्पायडर ही वेगळी जात नाही, तो रंगछटेचा एक जनुक आहे आणि तो मज्जासंस्थेवर परिणाम करतो. डोकं डुलणं, शिकारीवर नेम चुकणं, पाठीवर उलटं होणं. काहींमध्ये सौम्य, काहींमध्ये तीव्र, पण हा दोष त्या जनुकाबरोबरच येतो, चांगल्या पाळणुकीने जात नाही. वूमा आणि शॅम्पेन छटांतही असाच दोष आढळतो. सुपर सिनॅमन पिलांत कणा वाकडा असण्याचं प्रमाण जास्त. नवशिक्याने साधा रंग घ्यावा. जंगली रंगाचा बॉल पायथन अंगाने तितकाच सुंदर असतो, लोक नुसते छटांच्या मागे लागतात याचं वाईट वाटतं.

जिवंत उंदराचा प्रश्न अवघड आहे. गोठवलेल्यावर आणता येतं, पण त्यासाठी अनुभव आणि सहनशक्ती लागते, आणि बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. पेटीत सोडलेला जिवंत उंदीर सापाला चावतो, जखमा खोल होतात. विकणाऱ्यानेच त्याला गोठवलेल्यावर आणावं आणि मग विकावं, ते त्याचं काम.

खवलेवाला
त्यात एक भर. शक्य असेल तर विकणाऱ्याला तुमच्यासमोर भरवायला सांगा, नाहीतर तारीख दिसेल असा व्हिडिओ मागा. पण खाल्ल्यानंतर 48 तासांच्या आत साप घरी नेऊ नका. हलवाहलवीत उलटी होते, आणि उलटी झालेल्या सापाला पुढचे 10-14 दिवस खायला द्यायचं नसतं.

विलगीकरण
जुन्या मालकाकडून घेण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पहिल्या सापासाठी दोन-तीन वर्षांचा, नियमित खाणारा, माणसाळलेला कॉर्न स्नेक ही माझ्या मते सगळ्यात चांगली निवड. वाढ झालेली असते, लिंग नक्की असतं, खाण्याच्या सवयी कळलेल्या असतात. कॉर्न 15-20 वर्षं जगतो, बॉल पायथन त्याहून जास्त, त्यामुळे दोन वर्षांचा म्हणजे म्हातारा नव्हे. मालक का देतोय ते नीट विचारा. घर बदललं, मूल झालं, ही ठीक कारणं आहेत. 'हल्ली खात नाही' हे कारण असेल तर आधी पशुवैद्य.

काही रोग बाहेरून दिसत नाहीत. बोआ आणि पायथनमध्ये आयबीडी म्हणजे इन्क्लूजन बॉडी डिसीज, पायथनमध्ये नायडोव्हायरस, कॉर्नमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम, थोडक्यात क्रिप्टो, हा पोटातला सूक्ष्म परजीवी. क्रिप्टोत साप वारंवार उलटी करतो, शरीराच्या मध्यावर सूज येते, आणि हा परजीवी नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. या तिन्हींवर खात्रीचा इलाज नाही. नायडोव्हायरसची चाचणी तोंडातल्या स्वॅबवरून पीसीआरने होते, क्रिप्टोसाठी विष्ठेचा नमुना चालतो, आयबीडीसाठी रक्त. चाचणी केलेल्या ब्रीडरकडून घेत असाल तर अहवालावरची तारीख बघा. विष्ठेचा एकच नमुना निगेटिव्ह आला म्हणून क्रिप्टो नाही असं होत नाही, तो सारखा बाहेर पडत नसतो.

पेटी साप आणायच्या आधी आठवडाभर चालवून बघा. दोन्ही टोकांना थर्मामीटर, रात्रीचा आकडाही लिहा. थर्मोस्टॅटचा सेन्सर हीटिंग पॅडला चिकटवून ठेवा. तो हवेत लटकला की पॅड भाजेपर्यंत तापतो. दार कुलपाचं असू द्या, कॉर्नचं पिलू पेन्सिलीएवढ्या फटीतून निघतं.

आणताना कापडी पिशवी, तोंडाला गाठ, ती पिशवी हवेची भोकं असलेल्या घट्ट डब्यात, डबा उन्हाबाहेर. कुरियरने मागवत असाल तर दोन्ही टोकांचं हवामान बघूनच पाठवायला सांगा. कडक उन्हाळ्यात किंवा थंडीत विकणाऱ्याने स्वतःहून 'थांबा' म्हटलं पाहिजे. घाई करणाऱ्याकडून घेऊ नका. घरी आल्यावर 5 ते 7 दिवस हात लावायचा नाही, फक्त पाणी बदला, मग आधी खात होता त्याच आकाराचं भक्ष्य द्या. दोन-तीन वेळा खाल्ल्यावर हाताळायला सुरुवात करा.

घरात दुसरा साप असेल तर नव्याला वेगळ्या खोलीत 90 दिवस, कागदी टॉवेल अंथरून, चिमटा आणि पाण्याचं भांडं स्वतंत्र, आणि रोजची कामं त्याची सगळ्यात शेवटी. दुसरा साप नसला तरी सुरुवातीचे तीन महिने कागदच अंथरा. माइट आणि विष्ठेतला बदल पांढऱ्यावर लगेच दिसतो, लाकडाच्या भुशात हरवतो. पहिली ताजी विष्ठा मिळाली की डबीत घालून पशुवैद्याकडे द्या. सरीसृप बघणारा पशुवैद्य सगळीकडे मिळत नाही, म्हणून तो साप घ्यायच्या आधी शोधून ठेवा आणि फोनवर विचारून घ्या की सापाच्या विष्ठेची आणि स्वॅबची तपासणी ते करतात का.