'हे फीवर'ला मराठीत काय म्हणावं?

शाईपेन: आरोग्याच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय आणि 'हे फीवर'पाशी अडलेय. 'गवतज्वर' लिहिलं, तर संपादक म्हणाले, "वाचक थर्मामीटर शोधायला जाईल." खरंच आहे, ताप यात येतच नाही. सटासट शिंका, नळ सोडल्यासारखं नाक, डोळ्यांना खाज. सुचवा काहीतरी.

जुनीपाटी: मूळ नावच फसवं आहे. जॉन बॉस्टॉक या डॉक्टरने १८१९ साली लंडनमध्ये स्वतःचंच दुखणं वर्णन करून सांगितलं. पुढे त्याने त्याला 'उन्हाळी पडसं' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. लोक मात्र कापलेल्या गवताच्या वासाला दोष देत राहिले. खरा गुन्हेगार परागकण, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने स्वतःच्या नाकावर प्रयोग करून दाखवलं. त्याचं पुस्तक १८७३ चं. हवेत उंचावर पराग असतो का, हे बघायला त्याने चिकट काचा चक्क पतंगाला बांधून वर सोडल्या होत्या!
जर्मन आणि फ्रेंच लोक याला 'गवताचं पडसं' म्हणतात, जपानी सरळ 'परागरोग'. माझं मत 'परागपडसं'ला.

शाईपेन: पण पडसं आठवड्यात उतरतं. हे तर मोसम संपेपर्यंत हलत नाही.

ओसरी: 'अधिहर्षता' हा ॲलर्जीचा पारिभाषिक शब्द कृपया नको. वाचणाऱ्याला वाटेल, कुणाला फार आनंद झालाय. घरात 'वावडं' असताना बाहेर कशाला जायचं? परागाचं वावडं.

जुनीपाटी: वावडं खाण्याचं असतं ना? वांग्याचं, मसुराचं.

ओसरी: आमच्या साहेबांना प्रश्नांचं वावडं आहे, ते काय खातात का प्रश्न? (जाता जाता: कोकणात 'वावडी' म्हणजे पतंग. ब्लॅकलीला कळलं असतं तर!)

बांधावरून: आमच्या गावात कोणी वावडं म्हणत नाही, 'बाधतं' म्हणतात. "तात्यांना काँग्रेस बाधतं." काँग्रेस म्हणजे गाजरगवत, ती पांढऱ्या चांदण्यांची झुडपं. तात्या ते उपटायला जाताना नाकातोंडाला उपरणं गुंडाळतात, हातात पिशव्या घालतात, तरी संध्याकाळी मनगटं लाल आणि शिंका चालूच. गुलमोहराखाली मात्र खुशाल झोपतात. त्याचा पराग जड, तो पाखरं-किडे नेतात. गवताचा हलका, तो वाऱ्यावर येतो.

ओसरी: वा! 'बाधणं' हे त्या वस्तूचं काम, 'वावडं' ही आपली प्रकृती. 'मानवत नाही' त्यांच्या मधलं, जरा सौम्य. दूध मानवत नाही, पण त्याने कोणी शिंकत नाही.

शाईपेन: मथळा 'परागाचं वावडं', आत 'ज्यांना पराग बाधतो त्यांनी…' असं करून पाठवलं. संपादकांचा उलट निरोप: "पराग हे मुलाचं नाव वाटतंय." आता 'परागकण' केलंय.