संरक्षणशास्त्राच्या मुलांना निर्णय घ्यायला शिकवायचं कसं?

सातारची_मॅडम:
नमस्कार मंडळी, मी सीनियर कॉलेजला संरक्षणशास्त्र शिकवते. टीवायचा वर्ग, पस्तीसेक मुलंमुली, निम्मी पहाटे ग्राउंड मारून येतात, कोणी पोलीस भरतीवाले कोणी अग्निवीर, दोघंतिघं सीडीएस म्हणजे लष्करी अधिकारी व्हायची परीक्षा देणारे. नेतृत्व आणि निर्णयप्रक्रिया हा टॉपिक आला की धैर्य, चिकाटी, दूरदृष्टी, निष्ठा सगळं धडाधड म्हणून दाखवतात. परवा १९७१ चं युद्ध घेतलं. एप्रिलमध्ये इंदिराबाईंनी लढाईचं विचारलं तेव्हा लष्करप्रमुख माणेकशॉ म्हणाले आत्ता नको, पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या फुगतात, हिवाळ्यात उत्तरेच्या खिंडी बर्फाने बंद झाल्या की चीनची काळजी कमी. मग मी विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं? अख्खा वर्ग म्हणाला "थांबलो असतो मॅडम". का? तर "डिसेंबरात जिंकलो ना आपण". मी गप्पच झाले. उत्तर आधीच माहितीय म्हणून बरोबर आलं, एवढंच. यातली काही मुलं दोनचार वर्षांत कुठेतरी बंदोबस्ताला उभी असतील, तिथे उत्तर कोण सांगणार? तुम्ही लोक कसं घेता हे? वर्गातच करता येईल असं काहीतरी सांगा, पैसे फारसे नाहीत.

सुभेदार_निवृत्त:
मॅडम जय हिंद. २८ वर्षं पायदळात होतो. फळा सोडा आणि सँड मॉडेल करा, एसएसबीला म्हणजे अधिकारी निवडायच्या मुलाखतीत ग्रुप प्लॅनिंगला पण मॉडेलच असतं त्यामुळे मुलांना तसाही फायदा. कॉलेजच्या मागच्या अंगणात माती पसरायची, डोंगर उठवायचे, नदीला निळी रांगोळी, झाडीला रंगवलेला भुसा, घरांना काड्यापेट्या. मग एकाच्या हातात काठी द्यायची आणि हुकूम द्यायला लावायचा. हुकूम संपला की सगळ्यात मागे बसलेल्याला उठवून विचारायचं, तुझं काम काय, तुझ्या उजवीकडे कोण, तुझा कमांडर पडला तर तू कोणाचं ऐकणार. तो अडखळला तर चूक हुकूम देणाऱ्याची धरा, त्याची नाही. आणि मधेच सांगायचं, पूल गेलाय, वायरलेस बंद, दोन मिनिटं आहेत. पहिल्या वेळी पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, बसू द्या, तुम्ही मदत करू नका, मदत केली की पुढच्या वेळी पण तुमच्याचकडे बघतील.

नकाशेवाला:
मॅडम तुमचा खरा प्रॉब्लेम हा आहे की मुलांना शेवट माहितीय. मग शेवट झाका. मी भारत-पाक युद्धातला १ सप्टेंबर १९६५ घेतो पण वर्ष, नावं काहीच सांगत नाही, फक्त कागद वाटतो, एकेक करून. पहिला कागद: पहाटे सीमेवर तोफखाना सुरू झाला, मागून शत्रूचे भारी रणगाडे येतायत, आपल्याकडे तिथे हलके रणगाडे, तेही थोडे, आणि मागे नदीवर एक पूल आहे तो गेला तर पुढच्या सगळ्या भागाची रसद तुटते. दुसरा कागद: दुपार टळली, लष्करप्रमुख विमानं मागतायत, हवाई दलप्रमुख समोर बसलेत, लगेच उडू शकतात त्यातली बरीच विमानं जुनी, अंधार पडायला वेळ थोडा, विमानं लढाईत उतरवली की लढाई वाढणार हे नक्की. तुम्ही संरक्षणमंत्री. दहा मिनिटं. लिहून द्या, पेनाने, खोडायचं नाही.

मग नावं उघडायची. जम्मूतलं छांब, अखनूरचा पूल, समोर जनरल चौधरी आणि अर्जन सिंग, आणि खुर्चीत आपले कराडचे यशवंतराव. त्यांनी काही मिनिटांत हो म्हटलं. संध्याकाळी पठाणकोटहून विमानं गेली आणि त्यातली चार जुनी व्हॅम्पायर पडली. इथे वर्ग लगेच म्हणतो निर्णय चुकला. मग पुढचं सांगायचं की दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानने मधेच कमांडर बदलला, अख्तर मलिक गेले याह्या खान आले, त्यात त्यांचा वेळ गेला, अखनूर वाचलं आणि ६ तारखेला आपण लाहोरची आघाडी उघडली. आता वर्ग म्हणतो निर्णय बरोबर! तेव्हा विचारायचं, विमानं पडणार हे चव्हाणांना हो म्हणताना माहीत होतं का, याह्या येणार हे माहीत होतं का? मग ज्या गोष्टी त्यांना माहीतच नव्हत्या त्यावरून त्यांना पास नापास का करताय? माझ्या वर्गात इथे पाच मिनिटं कोणी बोलत नाही आणि तीच पाच मिनिटं मला वर्षभरातली सगळ्यात मोलाची वाटतात.

रात्रपाळी:
सगळं पटलं पण एक सांगू का, मंत्री आणि सेनापतीच का? मी सिक्युरिटी कंट्रोल रूमला आहे, आमच्याकडे असाच शिकलेला मुलगा येतो आणि स्क्रीनवर काहीतरी गडबड दिसली की साहेबांना फोन लागेपर्यंत थांबतो. २६/११ ला सीएसटीला विष्णू झेंडे नुसते अनाउन्सर होते, केबिनमधून त्यांना बंदूकवाले दिसले आणि पहिल्या प्लॅटफॉर्मच्या मागच्या गेटने बाहेर पडा असं माइकवरून सांगत राहिले. कोणाला विचारलं त्यांनी? त्यांच्याकडे हत्यार नव्हतं, अधिकार नव्हता, माइक होता आणि कोणतं गेट मोकळं असेल याचा अंदाज होता. मुलांना हे द्या की तुझ्या हातात काय आहे, तुला कुठपर्यंत दिसतंय, आणि कोणाला न विचारता तू काय करू शकतोस. मांढरदेवीच्या यात्रेतली चेंगराचेंगरी तर मॅडम तुमच्याच जिल्ह्यातली, जानेवारी २००५, अरुंद वाट, वर दुकानं, तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्या वाटेवर एका कॉन्स्टेबलला उभं करून विचारा, गर्दी दाटायला लागलीय हे तुला कशावरून कळेल आणि खालून येणारे लोक तू कोणाला सांगून थांबवशील.

सातारची_मॅडम:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी नकाशेवाले सरांचे कागद करून बघितले. चौतीस जणांनी विमानं पाठवा लिहिलं, एकीने नको लिहिलं. कधी तोंड न उघडणारी मुलगी. कारण लिहिलं होतं, अंधारात आपलीच माणसं आणि शत्रूची कशी ओळखणार वरून. नावं उघडल्यावर सगळे तिच्याकडे वळले, मला वाटलं आता बदलेल, तर म्हणाली मॅडम माझं तेच राहील, पण पूल गेला असता तर जबाबदारी माझी. आता तिला मार्क कसे द्यायचे हो? उत्तर तर वेगळं आलं.

नकाशेवाला:
उत्तराला मार्क ठेवूच नका. कागदाला मधे रेघ मारायला लावा, डावीकडे पक्कं माहितीय ते, उजवीकडे मी धरून चाललोय ते. मार्क या दोन रकान्यांना. तिला माझ्याकडून भरपूर, आपल्याच माणसांचा मुद्दा खरोखरच गंभीर होता त्या संध्याकाळी.

सातारची_मॅडम:
हे करते. पुढच्या आठवड्यात मांढरदेवीची वाट अंगणात करणार आहोत, दोन मुलं जाऊन पायऱ्या मोजून येणार आहेत. सुभेदार साहेब, वखारीतून दोन पोती भुसा आणलाय, हिरवा कशाने करायचा?

सुभेदार_निवृत्त:
रांगोळीवाल्याकडचा सुटा रंग पाण्यात कालवा, भुसा भिजवा, सावलीत वाळवा. आणि उत्तर दिशा आधी आखा मॅडम, नाहीतर अर्धा तास त्यातच जातो.