थंडीत गाल सोलून निघालेत, मदत हवी आहे

नागपुरात पारा 10 अंशांखाली गेला की माझे गाल लालबुंद होतात. सकाळी सहाला मानेवाड्याहून गाडीवर निघते. स्कार्फ बांधला तरी नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतातच. परवा तर साधं खोबरेलही चरचरलं. त्याआधी आईच्या सांगण्यावरून साय-हळद लावली होती, वर लिंबू पिळून! त्या लिंबानेच घात केला बहुतेक. आता कढत पाणी आणि फेसवॉश दोन्ही बंद. ओलसर चेहऱ्यावरच व्हॅसलीन लावते. रात्री बरं वाटतं, सकाळी पुन्हा तेच. ग्लिसरीन-गुलाबपाणी अशा सोललेल्या कातडीला चालेल का? सिरामाइडवालं (सिरामाइड म्हणजे त्वचेतला ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध घटक), बिनवासाचं क्रीम कोणी वापरलंय? आठवड्यात उतरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जाईनच, पण तोवर काय लावू?